मोरा १२० : स्वीडनची सुरी, झाडीपट्टीचे लाकूड

गेल्या वर्षी आषाढात मागवलेली मोरा १२० ही लाकूड कोरण्याची सुरी चौदा महिन्यांपासून माझ्या रोजच्या वापरात आहे. या अवधीत तिच्या आधाराने शिवणीच्या, कडुनिंबाच्या आणि हळदूच्या मिळून चाळीसच्या वर पळ्या व चमचे, सात सराटे (उलथणी) आणि दोन तान्ह्या पोळ्यांचे, म्हणजे मुलांच्या पोळ्याचे, पाच लाकडी नंदी घडले. परदेशी हत्याराविषयी मत द्यायचे तर त्याने आपल्याकडचा उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू काढलेले असावेत, असे मला वाटते. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस थांबलो.

माझे गाव झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, धानाच्या बांध्यांच्या मधोमध वसलेले आहे. वडील गावचे सुतार होते. बंड्या (बैलगाड्या), नांगर, वखर, तिफण, दाराच्या चौकटी हे त्यांचे काम. मी शिक्षक झालो, आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले, आणि निवृत्तीनंतर त्यांची हत्यारांची पेटी प्रथमच मन लावून उघडली. तिच्यात वाकस (लाकूड तासायचे आडव्या पात्याचे हत्यार) होती, लहानमोठ्या पटाश्या होत्या, रंधा, गिरमिट, कानस, करवत हे सगळे होते. सुरी मात्र नव्हती. त्यांच्या कामाला तिची गरजच पडली नसावी, कारण बंडीच्या चाकाला आणि चौकटीच्या सांध्याला जे हवे ते वाकस आणि पटाशी चोख देतात. परंतु मांडीवर मावेल एवढे लाकूड हातात धरून, कोणत्याही शिकंज्यावाचून, ओसरीवर बसल्या बसल्या त्याची पळी करायची म्हटले की ती पेटी अपुरी पडते. पटाशीला लाकूड घट्ट धरून ठेवावे लागते आणि कानस फार वेळ खाते. ही उणीव कोणते हत्यार भरून काढील याचा शोध घेताना मी स्वीडनपर्यंत पोहोचलो.

मोरा हे त्या देशातल्या डालार्ना प्रांतातले, सिल्यान सरोवराच्या काठचे गाव. त्याला लागून असलेल्या ओस्टनोर या वस्तीत फ्रॉस्ट-एरिक एरसन या गृहस्थाने अमेरिकेहून परतल्यावर १८९१ मध्ये कारखाना काढला. त्याचा मुख्य माल होता बर्फावरून लाकडे ओढण्याच्या घसरगाड्या, आणि जोडीला सुऱ्या. हे वाचल्यावर मला त्या सुरीविषयी आपुलकी वाटू लागली, कारण लाकूड वाहणाऱ्या गाड्या करणाऱ्या घरातूनच मीही आलो आहे. पुढे घसरगाड्या मागे पडल्या आणि सुऱ्या राहिल्या. त्याच वस्तीत १९१२ साली सुरू झालेला दुसरा कारखाना आणि हा कारखाना २००५ मध्ये एकत्र आले, आणि आज त्यांचा माल मोराक्निव या नावाने जगभर जातो.

आता प्रत्यक्ष सुरीविषयी. पाते जेमतेम ६० मिलिमीटर लांब, पाठीकडे २.७ मिलिमीटर जाड, आणि टोकाकडे निमुळते होत गेलेले. मूठ बर्च झाडाच्या लाकडाची, मध्ये किंचित फुगीर, रंग न देता फक्त तेल पाजलेली. सोबत प्लास्टिकचे साधे म्यान येते. पाते आणि मूठ यांच्यामध्ये बोट अडवणारी अडणी नाही, आणि पहिल्या दिवशी मला ती उणीव वाटली. आठवड्याभरात लक्षात आले की अडणी असती तर सुरी हातात फिरली नसती. या कामात एकाच पळीवर चार-पाच तऱ्हांनी मूठ धरावी लागते आणि दर वेळी बोटे वेगळ्या जागी येतात.

पात्याचा खरा गुण त्याच्या घडणीत आहे. मध्ये कडक, जास्त कार्बनच्या पोलादाचा पत्रा आणि दोन्ही अंगांना त्याहून मऊ, चिवट पोलाद, असे तीन थर एकजीव केलेले असतात. धार त्या मधल्या थराची लागते आणि बाहेरचे थर पाते मोडू देत नाहीत. उन्हात धरून पाहिले तर धारेपासून थोड्या अंतरावर या थरांची एक नागमोडी अस्पष्ट रेघ दिसते. वडिलांच्या बरोबरीचे एक वृद्ध सुतार काका घरी आले असता मी त्यांना ती दाखवली. त्यांनी सुरी अंगठ्यावर आडवी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हे तं आपल्या जुन्या वाकसीवानीच हाये, गुरुजी. अंग लोखंडाचं, तोंड पोलादाचं." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. लोखंडाच्या अंगावर पोलाद चढवून हत्यार करणे आपल्या लोहारालाही ठाऊक होतेच; फरक इतकाच की इथे पोलाद दोन थरांच्या मध्ये आहे आणि ते जाडीला अगदी सारखे बसवलेले आहे.

ही सुरी ज्या परंपरेतून आली तिची पहिली अट अशी की लाकूड ओले असावे. उत्तरेकडचे लोक बर्चची नुकतीच तोडलेली फांदी घेतात, ती कुऱ्हाडीने उभी फोडतात, कुऱ्हाडीनेच पळीचा ढोबळ आकार काढतात आणि मग सुरी हाती धरतात. आपल्याकडे सुतारकामाचे लाकूड मुरवून, वाळवून घ्यायचे असते, म्हणून मला हे आधी उलटे वाटले. पहिल्या खेपेस मी घरात पडून असलेल्या सागाच्या कोरड्या तुकड्यावर सुरी चालवली आणि अर्ध्या तासात तिची धार बसली. दोष सुरीचा नव्हता. सागाच्या लाकडात वाळूच्याच जातीचा सूक्ष्म अंश असतो आणि तो कोणत्याही धारेला खातो. रंधा मारणाऱ्याला हे ठाऊक असते, मला नव्हते. दुसऱ्या खेपेस धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) शिवणीची वाऱ्याने मोडलेली मनगटाएवढी फांदी आणली, वाकसीने उभी फोडली, मधला पोकळ मगज काढून टाकला आणि अर्ध्या फाळक्यावर सुरी धरली. तेव्हा या हत्याराचा अर्थ कळला. पाते लाकडात शिरते, ओलसर ढलपी वळत वळत पात्यावर चढते आणि शेवटी टप्पकन तुटून पडते. मागे राहिलेला काप असा चकचकीत असतो की त्यावर पॉलिश कागद फिरवण्याची इच्छाच होत नाही. कानशीने घासलेल्या पृष्ठभागावर हात फिरवला तर तंतू बोटांना लागतात. या कापावर ते लागत नाहीत, आणि ओल्या भाजीत पुष्कळ दिवस फिरलेल्या पळीवरही फार उभे राहत नाहीत.

कुऱ्हाडीच्या जागी मी वाकस वापरतो आणि ज्यांच्या घरी जुनी वाकस आहे त्यांनीही तेच करावे असा माझा आग्रह आहे. स्वीडनची कोरीवकामाची कुऱ्हाड मागवली तर तिचा खर्च सुरीच्या कितीतरी पट होतो, आणि ओंडक्यावर लाकूड टेकवून पळीच्या मानेकडचा खोलगट उतार काढायला वाकस तिच्याहून सोयीची पडते, असे मला चौदा महिन्यांच्या अनुभवावरून वाटते.

आपल्या भागात प्रश्न लाकूड वाळण्याचा येतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि सकाळी फोडलेले फाळके संध्याकाळपर्यंत टोकांकडून तडकू लागते. थंड देशात लिहिलेल्या सूचना इथे तशाच्या तशा लागू पडत नाहीत. मी तीन उपाय करून पाहिले. पाण्याच्या टाक्यात बुडवून ठेवलेले लाकूड तडकले नाही, मात्र आठ-दहा दिवसांत काळवंडले आणि त्याला वास येऊ लागला. ओल्या गोणपाटात गुंडाळले तर गोणपाट दर दोन तासांनी भिजवावे लागते. सर्वांत चांगला अनुभव तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, आला. गोठ्यातल्या तणसाच्या ढिगात, सावलीच्या बाजूला, हातभर आत फाळकी खुपसून ठेवली आणि वरून एकदा पाण्याचा शिडकावा केला, की ती भर उन्हाळ्यातही चार-पाच दिवस ताजी राहतात. अर्धवट झालेली पळी तिच्याच ढलप्यांत पुरून ठेवावी, म्हणजे ती हळूहळू वाळते आणि फुटत नाही.

लाकडांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सुरी कितीही चांगली असली तरी तिच्या सूचनापत्रात आपली झाडे नसतात. शिवण पहिल्या क्रमांकाची. रंगाने फिकट पिवळसर, वजनाला हलकी, वाळताना फारशी वाकडी होत नाही आणि ओली असताना लोण्यासारखी कापली जाते. हळदू तिच्याहून घट्ट आणि बारीक पोताचा आहे; त्याच्या फण्या करतात त्या याच गुणामुळे. त्यावर हात जपून चालवावा लागतो, पण नक्षीची रेघ सर्वांत स्वच्छ त्याच्यावर उठते. कडुनिंबाची पळी मजबूत होते. पहिले काही दिवस तिचा कडवटपणा जाणवतो, मग जातो. सुबाभळीची फांदी कोठेही मिळते आणि ओली असताना ती अगदी कामाची असते. आंब्याचे तंतू एकदा इकडे आणि एकदा तिकडे वळतात, त्यामुळे नवशिक्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. सालईचा डिंक पात्याला असा चिकटतो की दर दहा कापांनी पाते पुसावे लागते. बाभूळ त्याच दिवशी कोरली तर कोरली, दुसऱ्या दिवशी ती सुरीला दाद देत नाही. बांबू मी मुद्दाम टाळतो, त्याची साल सागाप्रमाणेच धार खाते. बिब्ब्याच्या झाडाला मात्र कोणीही सुरी लावू नये, त्याच्या रसाने अंगावर फोड येतात. आणि कण्हेरीचे लाकूड कितीही सरळ व गुळगुळीत दिसले तरी ते विषारी असल्यामुळे जेवणाच्या वस्तूसाठी वापरू नये. यांपैकी कशासाठीही उभे झाड तोडावे लागत नाही. मोडलेल्या आणि छाटलेल्या फांद्यांवर माझे वर्ष आरामात निघाले.

सुरी धरण्याच्या पद्धती या परंपरेत फार विचारपूर्वक बसवलेल्या आहेत, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्या जगभर पोहोचवण्यात स्वीडनचे कारागीर विले सुंडक्विस्ट (१९२५ ते २०१८) यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे पुत्र यॉग्गे हेही याच कामात आहेत. या पद्धतींचे सूत्र असे की जोर पुष्कळ लागावा, तरी सुरीची धाव मात्र अंगाच्या रचनेमुळे आपोआप अडावी. एक पकड बटाटा सोलल्यासारखी आहे. धार आपल्याकडे, अंगठा लाकडाच्या टोकामागे धारेच्या वाटेतून बाजूला, आणि मूठ मिटत आणायची. दुसरीत दोन्ही मुठी छातीजवळ घेतात, धार बाहेरच्या दिशेला ठेवतात आणि कोपरे मागे खेचतात. म्हणजे मनगटाला ताण न येता पाठीचा जोर पात्यावर येतो, आणि सुरी तीन-चार बोटांपलीकडे जाऊच शकत नाही. तिसरीत डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीला लावून ढकलतात. १२० चे पाते आखूड का, ते या तिसऱ्या पकडीत कळते. अंगठा पाठीवर असताना टोक नजरेसमोर आणि ताब्यात राहते, म्हणून नंदीच्या शिंगाच्या बेचक्यातही ही सुरी वळते.

या पकडी नीट न शिकता काम सुरू केल्याची किंमत मी मोजली आहे. दुसऱ्याच आठवड्यात, पाऊस पडत असताना, घामट हाताने गाठीवर जोर दिला. सुरी गाठ सोडून निसटली आणि डाव्या अंगठ्याच्या पेराला तीन टाके पडले. चूक माझीच होती, कारण गाठ समोर असताना बाजूने छोटे काप घ्यायचे असतात. तरीही एक गोष्ट उत्पादनाविषयी नोंदवलीच पाहिजे. कारखान्यातून येणारी मूठ फार गुळगुळीत असते आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात ती हातात फिरते. मी तिच्यावर जाड पॉलिश कागद एकदा फिरवून पुन्हा जवसाचे तेल दिले. तेव्हापासून ती निसटलेली नाही. नवीन घेणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावे, डाव्या अंगठ्याला जाड कापडी पट्टी गुंडाळावी, आणि मांडीच्या दिशेने एकही काप घेऊ नये.

धार लावणे सोपे आहे आणि या सुरीची मी सर्वांत अधिक स्तुती करीन ती याच गोष्टीसाठी. पात्याचा उतार दोन्ही बाजूंनी एकच आणि सपाट आहे. धारेपाशी दुसरा बारीक कोन काढलेला नाही. त्यामुळे तो उतार दगडावर टेकवला की पाते स्वतःच योग्य कोनात बसते आणि हाताला अंदाज करावा लागत नाही. महागडे दगड माझ्याकडे नाहीत. फरशीच्या एका सपाट तुकड्यावर ओला पॉलिश कागद चिकटवून, आधी ८०० आणि मग १५०० नंबरवर दहा-दहा फेऱ्या, आणि शेवटी न्हाव्याकडून मागून आणलेल्या जुन्या चामडी पट्ट्यावर वीस-पंचवीस वेळा उलट्या दिशेने ओढले की हातावरचे केस निघतात. शिवणीवर रोज तासभर काम केले तर पट्ट्यावर आठवडा निघतो आणि कागदावर महिन्यातून एकदा यावे लागते.

दोष सांगायचा तर गंजण्याचा. हे पोलाद गंज न धरणाऱ्या जातीचे नाही. श्रावणात एका रात्री ओल्या ढलप्यांत सुरी विसरली आणि सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसले. म्यानाच्या तळाला पाणी साचून राहते, म्हणून पावसाळ्यात मी ती म्यानात ठेवतच नाही. पुसून, तेलाचे बोट फिरवून, कोरड्या कापडात गुंडाळतो. काही दिवसांनी पात्यावर राखाडी झाक चढते. ती गंज नव्हे आणि ती घासून काढण्याची आवश्यकता नाही.

सरळ पात्याने पळीचा खोलगा होत नाही; त्याला वाकडी सुरी लागते. याच कंपनीची १६४ क्रमांकाची आकड्यासारखी वळलेली सुरी मी सोबत मागवली होती. ती उजव्या आणि डाव्या हाताची अशी दोन प्रकारांत मिळते, कारण धार एकाच कडेला असते आणि दुसरी कड अंगठा टेकवण्यासाठी बोथट ठेवलेली असते. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडे मागणी नोंदवली त्याने उजव्याऐवजी डाव्या हाताची पाठवली, आणि पाकीट उघडले आहे या कारणासाठी परत घेण्यास नकार दिला. पाकिटावर कोणत्या हाताची हे छापलेले असते. उघडण्यापूर्वी ते वाचावे, एवढे माझ्या नुकसानीतून इतरांनी घ्यावे. त्या सुरीचे पुढे काय झाले ते खाली येईल.

उजव्या हाताची वाकडी सुरी मी शेवटी गावच्या लोहाराकडून करून घेतली. साहित्य म्हणून वडिलांच्या पेटीतली झिजलेली कानस दिली. त्याने ती लाल करून राखेत रात्रभर निवू दिली, मग ठोकून पातळ केली, घासून कड काढली आणि एका जुन्या नळीवर वळवली. पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते बुडवून कडक करताना, मी उगाच आग्रह धरला की जितकी कडक करता येईल तितकी करा. दुसऱ्याच पळीवर धारेचा तांदळाएवढा कपचा उडाला. लोहाराने सुरी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, इतकं कडक काहून पाहिजे होतं याले? जराशी नरमाई लागतेच." त्याने धार पुन्हा काढली, तेलात पाणी दिले, पात्याचा एक भाग दगडावर घासून पांढरा केला आणि मुठीकडच्या अंगाला निखाऱ्याची मंद धग दाखवत राहिला. आम्ही दोघे वाकून पाहत होतो. पांढऱ्या भागावर प्रथम काहीच नव्हते, मग मुठीकडून एक फिकट पिवळी झाक सरकत धारेकडे येऊ लागली, ती गव्हाळ झाली, आणि गव्हाळ रंग धारेला पोहोचला त्याच क्षणी त्याने पाते पाण्यात बुडवले. मागे निळसर रंग उमटू लागला होता. तो धारेपर्यंत गेला असता तर पाते मऊ पडले असते. अडीचशे रुपयांची ती सुरी आजही धार टिकवून आहे.  या सुरीचे वळण मुठीकडे उघडे आणि टोकाकडे घट्ट आहे, म्हणून एकाच हत्याराने वाढण्याची पळीही होते आणि मुलांचा चमचाही. सरळ सुरी स्वीडनची घ्यावी आणि वाकडी आपल्या लोहाराकडून करून घ्यावी, हे माझे मत यातून बनले आहे. तीन थरांचे पाते गावच्या भट्टीत इतके सारखे निघणार नाही, पण आकडा निघतो आणि तो आपल्या हाताच्या मापाचा निघतो.

तेलाच्या बाबतीत आपण आणि स्वीडिश कारागीर एकाच पिकावर उभे आहोत. तेही पळीला जवसाचेच तेल देतात. झाडीपट्टीत धान निघण्याच्या आधी त्याच बांधीत लाखोळी आणि जवस शिंपायची पद्धत आहेच. घाण्यावरचे कच्चे तेल पळी पूर्ण वाळल्यावर भरपूर चोळावे, जादा पुसून घ्यावे आणि दोन-तीन आठवडे उन्हा-वाऱ्यात ठेवावे. ते हवेने हळूहळू घट्ट होते आणि लाकडातच राहते. रंगाच्या दुकानातले बॉइल्ड जवस तेल जेवणाच्या भांड्याला वापरू नये, कारण लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्या उन्हाळ्यात आणि तणसाच्या शेजारी तर त्याचा धोका फारच मोठा आहे. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात.

शिक्षक म्हणून मला या हत्यारात आणखी एका गोष्टीचे मोल वाटते. स्वीडनमध्ये गोथेनबर्गजवळच्या नेस येथे ओटो सालोमोन यांनी १८७० च्या दशकापासून शाळाशिक्षकांना स्लॉइड म्हणजे हस्तकाम शिकवण्याचे केंद्र चालवले, आणि तिथे निरनिराळ्या देशांतून शिक्षक येत. त्यांच्या क्रमात सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे जायचे होते आणि मुलाच्या हाती पहिले मुख्य हत्यार येई ते सुरी. माल तयार करणे हा हेतू नव्हता. हात, डोळा आणि चिकाटी घडावी हा होता. आमच्या विदर्भात, वर्ध्याला, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार देशापुढे आला. तिची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. तिथे वस्तू उपयोगी व्हावी आणि तिच्यातून शाळेचा खर्चही निघावा, ही अपेक्षा जोडलेली होती. मी नोकरीत असताना या दोन्ही गोष्टी प्रशिक्षणात ऐकल्या होत्या, पण शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलांकडून कागदाची फुले करून घेतली, याची मला आज खंत वाटते.

म्हणून गेल्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी गावातली पाच-सहा मुले माझ्या ओसरीवर येतात. दहा वर्षांच्या खालच्या मुलाच्या हाती मी सुरी देत नाही. पहिले काम म्हणजे ओल्या सुबाभळीच्या काडीला टोक काढणे. त्यात दोन रविवार जातात. याच मुलांत एक सहावीतली मुलगी डावखुरी निघाली. ती उजव्या हाताने कसेबसे कोरत होती आणि वैतागत होती. कपाटात पडून असलेली डाव्या हाताची १६४ मी तिच्यापुढे ठेवली. पहिल्याच खेपेस तिने खोलगा असा सारखा काढला की आत बोट फिरवताना कुठे धक्का लागत नव्हता. ती सुरी आता तिचीच आहे.

तान्ह्या पोळ्याच्या नंदीविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मोराजवळच नुसनेस नावाचे गाव आहे आणि डालार्नाचे प्रसिद्ध लाल लाकडी घोडे तिथे होतात. तिथल्या ओलसन बंधूंनी १९२८ मध्ये कार्यशाळा सुरू केली, आणि १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या भल्यामोठ्या घोड्यामुळे ते जगाला माहीत झाले. आज घोड्याचा आकार यंत्रकरवतीवर कापतात, मात्र त्याचे अंग अजूनही माणूस हातातल्या सुरीनेच गोल करतो. हिवाळ्यात जंगलात राहणारे लाकूडतोडे रात्री शेकोटीजवळ मुलांसाठी असे घोडे करीत, अशी त्यांची परंपरा सांगितली जाते. आपला नंदीही मुलासाठीच असतो. पण बाजारात मिळणारे बहुतेक नंदी आता साच्यातल्यासारखे एकसारखे दिसतात. वशिंडाचा उतार मानेत कसा मिळतो, पोळी कुठे लोंबते, हे पाहायला कोणाला वेळ नसतो. (पोळी म्हणजे बैलाच्या गळ्याखालची लोंबती कातडी, पुढच्या पिढीला हा शब्दही सांगावा लागेल.) मी पहिला नंदी कोरला तेव्हा शेजारच्या खिल्लारी बैलापाशी तीन सकाळी बसलो. वशिंडाच्या मागचा तो लहानसा खळगा सुरीच्या टोकाने, अंगठा पाठीवर ठेवून काढला, आणि नातीने त्यावर हात ठेवताच म्हटले, "आबा, इथं तर जू ठेवतात ना?" जू वशिंडाच्या पुढे असते हे तिला समजावून सांगितले.

नंदीची चाके या सुरीने होत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. गोल आडवा काप घेताना तंतू उखडतात. ती करवत आणि गिरमिटानेच करावी लागतात. लांब सराट्याचा दांडा एका ओढीत सरळ करायलाही १२० चे पाते आखूड पडते आणि दांड्यावर कापांच्या पायऱ्या दिसतात. त्या कामासाठी याच घडणीची, सुमारे ८२ मिलिमीटर पात्याची १०६ ही सुरी योग्य ठरेल. फक्त एकच घ्यायची असेल आणि काम पळ्या-चमचे व खेळण्यांचे असेल, तर १२० च घ्यावी. मला ती सर्व खर्चासह तीन हजारांच्या थोडी वर पडली. आमच्या गावच्या हिशोबाने ही रक्कम लहान नाही, परंतु चौदा महिन्यांनंतर पाते मिलिमीटरभरही झिजलेले दिसत नाही आणि मूठ पहिल्यापेक्षा हातात अधिक चांगली बसते. दिवाळीनंतर धुऱ्यावरच्या शिवणीची छाटणी आहे. त्याआधी १०६ मागवून ठेवली आहे, आणि या वेळी पाकीट उघडण्यापूर्वी वाचणार आहे.